सौंसरच्या गाडीचं वाजणारं झाकण

माझ्या हातची सीटची गद्दी शिवणीत उसवली असं सांगणारा ट्रकवाला मला अजून भेटायचा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना ‘ही बाई फुशारकी मारून राहिली’ असं कुणाला वाटायला नको. मारूनच राहिली आहे. मारू द्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पांढुर्ण्यात नागपूर रोडवर आमचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं एक लांबट शेड, पुढे मोकळं अंगण आणि अंगणात कायम दोन-तीन ट्रक नाहीतर जीप उभ्या. मालक माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी ठोकाठोकीचं पत्र्याचं काम करता करता ते शेड उभं केलं होतं, आणि माझे यजमान इंजिनाचं पाहत. गद्द्या शिवणारा कारागीर नागपूरला निघून गेला तेव्हा ती गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. त्याच सुमारास मी घरच्या मशीनवर एका जीपचं कापडी हूड शिवून दिलं. ते पाहून यजमानांनी मामाजींच्या कानावर घातलं, की हिची मशीन गॅरेजातच आणू.

पाचव्या दिवशी जेवता जेवता मामाजी म्हणाले, “आणा. पण दोन गोष्टी हायेत. रस्त्यावरून दिसली नाही पाहिजे. अन् एक जरी काम वापस आलं, का मशीन घरी.”

झालं. शेडच्या पार मागे, जुन्या टायरांच्या चळतीमागे माझी मशीन बसली. तिथे दिवसाही बल्ब लावावा लागे. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की रेक्झिन हाताला चिकटायचं. पण मी खूश होते हो! घरी मी सून होते, वहिनी होते, पोरांची आई होते. टायरांमागे मला माझं काम होतं आणि ते मला भल्लं चांगलं येत होतं. दोन वर्षं होऊन गेली, एकही काम वापस आलं नाही. मामाजींनी कधी शाबासकी दिली नाही, पण मी मनात मोजून होते.

अशात सौंसरचे एक सेठ ती गाडी घेऊन आले. संत्र्याचे मोठे व्यापारी. बगीचेच्या बगीचे फुलावर असतानाच विकत घेणारे. दिवाळीनंतर माल चांगला गेला म्हणून त्यांनी नागपूरच्या कुण्या साहेबाकडून जुनी विलायती गाडी घेतली होती. लांबलचक, दुधाच्या सायीच्या रंगाची. आणि तिच्या छपराला चौकोनी भोक! भोकावर सरकतं झाकण. आतली फिरकी फिरवली की झाकण छपरावरून मागे सरके आणि गाडीत बसल्या बसल्या आभाळ दिसे. आज पोरंसोरं ‘सनरूफ’ म्हणतात. तेव्हा अख्ख्या पांढुर्ण्यात ती झाकणाची गाडी होती. गाडी अंगणात आली तर समोरचा पानवाला पान लावायचं सोडून पाहायला आला.

“मिस्त्री,” सेठ मामाजींना म्हणाले, “गाडी मक्खन हाय. पण हे झाकण माझा जीव घेऊन राहिलं. रस्ता जरा खराब लागला का खडखड, खडखड. घरवाली म्हणते, मी नाही बसत. डोक्यावर कोणी फुटाणे भाजून राहिलं असं वाटते म्हणे. नागपूरच्या दोन गॅरेजात दाखवली. स्क्रू आवळून देतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच.”

यजमानांनीही स्क्रूच आवळले. मामाजी चारी बाजूंनी फिरून आले आणि म्हणाले, “वेल्डिंग मारून टाकू. झाकण हालनच नाही तं वाजंन कुठून?”

“वेल्डिंगच मारायची होती तं भोकाची गाडी कायले घेतली म्या?” सेठ म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं.

मी टायरांमागून सगळं ऐकत होते. मला राहवलं नाही. सेठ चहाला गेले तशी यजमानांना म्हटलं, “झाकण अन् छपराच्या मध्ये फट हाय नं? फट असन तं वाजणारच. हे लोखंडाचं काम नाही, कापडाचं हाय. मले द्या.” यजमान मामाजींकडे पाहू लागले. मामाजींनी हात झटकला. त्याचा अर्थ ‘द्या’ असाही होत होता आणि ‘मरा’ असाही. मी आपला सोयीचा घेतला.

आणि इथे मी चुकले. आमचा मुलूख कापसाचा. आमच्याकडे दाराला फट पडली, कापूस. पलंग वाजतो, पायाखाली कापूस. मडक्याचं तोंड बंद करायचं, कापूस. कान दुखतो, कापूस. मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मी काळ्या कापडाची बोटभर जाडीची लांब वळी शिवली, तिच्यात चांगला पिंजलेला कापूस ठासून भरला आणि ती वळी झाकणाच्या चारही बाजूंनी फटीत दाबून बसवली. उरलेल्या सांदीकोपऱ्यांत सुटा कापूस बोटाने कोंबला. काम इतकं देखणं झालं की गाडी तशीच विलायतेहून आली असं वाटावं.

सेठ एक चक्कर मारून आले. आवाज बंद! “वा! कोणं केलं?” त्यांनी विचारलं. मामाजी म्हणाले, “आमच्या गॅरेजानं केलं.” मला राग आला, पण मी तो गिळला. त्या दिवशी घरी जाताना मी दोन बोटं उंचच चालत होते.

आठ दिवसांनी गाडी अंगणात येऊन उभी राहिली ती हॉर्न वाजवतच. सेठ उतरले. पांढरा झब्बा खांद्यापासून पोटापर्यंत पिवळट-काळ्या पाण्याने भरलेला. झालं असं होतं, की नागपूरला लग्नाच्या बोलणीसाठी जायचं म्हणून त्यांच्या गड्याने सकाळी विहिरीवर गाडी बादल्या ओतून धुतली. सेठ आणि सेठाणी नटूनथटून निघाले. बोरगावच्या पुढे शेळ्या आडव्या आल्या, सेठनी ब्रेक दाबला, आणि छपरातून बादलीभर पाणी दोघांच्या डोक्यावर! सेठाणीचा शालू गेला. बोलणी राहिली बाजूला. सेठाणींना घरी सोडून सेठ तसेच ओल्याने पांढुर्ण्याला आले होते.

“खडखड परवडली, बावा!” सेठ ओरडले. “निदान ती कोरडी तरी होती!”

अंगणातले लोक हसले. मी टायरांमागे उभी होते. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. काम वापस आलं होतं.

मामाजी तिथेच, सगळ्यांसमोर यजमानांना म्हणाले, “मशीन घरी न्या.”

माझा स्वभाव काही गरीब गाईचा नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि मी टायरांमागून पुढे आले. “मामाजी, न्या मशीन. पण पाणी कुठून आलं हे पाहिल्याबिगर नाही नेऊ द्यायची मी. गाडी दोन दिवस ठेवा. मग मी स्वतः मशीन उचलून नेते.” मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. सेठांना म्हणाले, “परवा सकाळी या.”

म्हणजे मशीन जाणारच होती. मुदत फक्त दोन दिवस वाढली होती. पण आता मला मशीनीइतकीच त्या झाकणाची चीड आली होती.

मी वळी उपसली. ती पाण्याने टम्म फुगली होती. झाकण पूर्ण मागे सरकवून आत पाहिलं, तर झाकणाखाली चारी बाजूंनी पन्हाळीसारखी खोल पट्टी आणि तिच्या चारही कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढं भोक. भोकाला रबरी नळी. म्हणजे या गाडीत पाणी येणारच, हे विलायतेच्या कारागिराने आधीच धरलं होतं! थोडं पाणी आत यावं, पन्हाळीत पडावं, कोपऱ्यातून नळीने खाली चाकापाशी निघून जावं. आणि मी शहाणीने त्याच कोपऱ्यांत कापूस कोंबला होता. पाण्याला जायला वाटच ठेवली नव्हती. मी चिमट्याने सगळा कापूस काढला, नळीला तोंड लावून फुंकलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा गाल दुखेपर्यंत फुंकलं, तेव्हा मागच्या चाकापाशी भस्सकन पाणी आणि कापसाचा बोळा पडला. मी एकटीच हसले.

पाण्याचं कळलं. आवाजाचं बाकी होतं. उभ्या गाडीत झाकण हलवून पाहावं तर मुकं. ते चालत्या गाडीतच बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना म्हटलं, “तिगावच्या रस्त्याला घ्या गाडी. मी ऐकते.” यजमानांचे कान इंजिनांपाशी आयुष्य काढून जाड झाले होते, बारीक आवाज त्यांना कळत नसे. मला मशीनीमुळे कळायचा. बॉबिनच्या डबीत धागा जरा इकडचा तिकडे झाला तरी माझा पाय आपोआप थांबतो.

मागच्या सीटवर बसून ऐकलं. खडखड सगळीकडूनच येते असं वाटत होतं. मग म्हटलं, आतून नाही कळत तर बाहेरून ऐकू. झाकण उघडलं, सीटवर उभी राहिले, कमरेपासून वर गाडीच्या बाहेर. झाकण माझ्या पाठीशी अर्धं सरकवून त्याला कान लावला.

“अगं, पागल झाली काय? खाली बस!” यजमान ओरडले.

“तुम्ही समोर पाहा अन् खड्ड्यातून घ्या!” मी वरून ओरडले.

पदर कधीच उडून गेला होता. रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. गाडीवान तोंड उघडं टाकून पाहत होते. एकाने तर बैल थांबवले. शाळेत जाणाऱ्या मास्तरांनी सायकल बाजूला घेतली. मला काय त्याचं! मी एका एका कोपऱ्यावर तळहात दाबत होते. पुढचा डावा दाबला, खडखड चालूच. पुढचा उजवा, चालूच. मागचा डावा, चालूच. मागचा उजवा दाबला आणि आवाज बंद! हात काढला, सुरू. दाबला, बंद. “सापडला! अहो, सापडला!” मी इतक्या जोरात ओरडले की यजमानांनी ब्रेकच मारला आणि माझी बरगडी छपरावर आपटली. पंधरा दिवस दुखत होती. पण तेव्हा काही जाणवलं नाही.

आम्ही गॅरेजात पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. आल्या आल्या मामाजींनी यजमानांना विचारलं, “सारा रस्ता सांगून राहिला, सूनबाई गाडीतून बाहेर उभी होती म्हणून. खरं काय?” मीच म्हटलं, “हो, खरं हाय.” मामाजी आत निघून गेले. दोन अटी होत्या, दोन्ही मोडल्या. आता विचारायचं काही उरलंच नव्हतं.

मग मी ते काम केलं जे आजही मला तोंडपाठ आहे. झाकणाखालचा आधार मागच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढा खाली बसला होता. बाकी तीन कोपरे धरत होते, चौथा नाचत होता. कागदाची पट्टी घेतली, झाकणाखाली ठेवून झाकण लावलं आणि ओढून पाहिली. तिकडे पट्टी लोण्यातून निघावी तशी निघे, बाकी तीन ठिकाणी अडे. यजमानांनी पितळेच्या पत्र्याची पातळ चकती कापून दिली. ती त्या कोपऱ्याच्या आधाराखाली घातली. पुन्हा कागद. दुसरी चकती. पुन्हा कागद. चारही कोपरे सारखे अडेपर्यंत मी कागद ओढत राहिले. झाकण ज्या खाचेतून सरके तिच्यात जुनं ग्रीस वाळून धुळीसकट दगड झालं होतं. ते रॉकेलने धुतलं, पुसून कोरडं केलं, नवं ग्रीस बोटावर घेऊन नुसतं फिरवलं. लादलं नाही. काठाचं रबर चपटं आणि कडक झालं होतं. साबणाने धुतलं, मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणून दोनदा चोळलं, मुरू दिलं आणि वरून अंगाची पावडर लावली. आता फटीत काहीतरी हवंच होतं. कापूस? नाव नका काढू. जुन्या ट्रकच्या दारात काचेभोवती लोकरीची दाट पट्टी असते, ती काढून धुतली, चिरली, आणि पंक्चरच्या सोल्युशनने आतल्या काठाला चिकटवली. चारही कोपरे उघडे सोडून.

सकाळी सेठ आले. मामाजी म्हणाले, “मी बसतो संग.” निघण्याआधी त्यांनी स्वतः हौदातून बादली भरली आणि छपरावर ओतली. मग दुसरी, तिसरी. चाकांपाशी चारही बाजूंनी पाणी सुरसुर पडलं. मामाजींनी आत हात घालून छताचं कापड चाचपलं. कोरडं. गाडी सौंसरच्या रस्त्याला लागली.

ते गेले आणि मी टायरांमागे जाऊन मशीन पुसायला घेतली. तेल दिलं. सुया, बॉबिन, कात्री पिशवीत भरली. कुणी न्यायच्या आधी आपलं सामान आपणच आवरलेलं बरं. यजमान म्हणाले, “मी बोलतो त्यांच्याशी.” मी म्हटलं, “काही गरज नाही.” आणि मग मला रडू आलं. चूक मीच केली होती, दोष द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जास्त आलं.

दोन तासांनी गाडी आली. सेठ हसत उतरले. “आवाज नाही! अर्ध्या रस्त्यात म्या मुद्दाम खड्ड्यात घातली, तरी नाही! आता हे बिघडू नये म्हणून काय करू, ते सांगा.” ते मामाजींना विचारत होते. मामाजींनी मागे मान वळवली आणि म्हणाले, “ज्यानं केलं त्याले विचारा.”

मी पुढे गेले. सांगितलं, की महिन्यातून एकदा झाकण उघडून कापडाने पन्हाळी पुसायची, बगीच्यात गाडी लावता तेव्हा संत्र्याची पानं तिच्यात पडतात ती काढायची. कोपऱ्यात वाटीभर पाणी ओतून खाली निघते का पाहायचं. दोन महिन्यांनी रबराला ग्लिसरीन. खराब रस्त्यावर झाकण पूर्ण लावायचं नाहीतर पूर्ण उघडायचं, अर्धवट ठेवायचं नाही. लग्नात गाडी सजवली तर हाराची दोरी फटीतून ओवायची नाही. आणि वाजलं तर स्क्रू आवळायच्या आधी कागद ओढून पाहायचा. सेठ मान डोलावत होते. त्यांनी हात जोडले आणि गेले. ती गाडी पुढे किती वर्षं आमच्याकडे येत होती, पण झाकणासाठी कधी नाही आली.

मी मागे वळले तर मामाजी टायरांच्या चळतीपाशी उभे. “धर रे एका बाजूनं,” ते यजमानांना म्हणाले. दोघांनी मिळून मशीन उचलली. मी पिशवी काखेत मारली आणि डोळे पुसून त्यांच्या मागे निघाले. घरी जायचं तर ताठ मानेने जायचं, असं ठरवलं होतं.

शेड संपलं, ऊन आलं. शेडच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून मामाजींची खुर्ची असायची. त्यांनी पायाने ती बाजूला सरकवली. “इथं ठेव,” म्हणाले. मशीन तिथे ठेवली. हलवून पाहिली. एक पाय अधांतरी होता, त्याखाली खापराचा तुकडा सरकवला.

मला काही कळेना. “मामाजी, काम वापस आलं होतं,” मी म्हटलं.

“माझे किती वापस आले, ते तुले कोणं सांगितलं नाही काय?” मामाजी म्हणाले. “पहिल्या वर्षी तं रोज एक येत होतं. मीच लोकायले नाही सांगितलं.” मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, “अन् तिथं मागं अंधारात सुई दिसत होती काय? दोन वर्षं तू बोलली नाही ते.”

मी पिशवीतून सुई काढली, बसवली, धागा ओवला. पहिल्या प्रयत्नात ओवला गेला. एका ट्रकची गद्दी तीन दिवसांपासून शिवायची पडली होती, ती घेतली आणि पाय मारायला सुरुवात केली. रस्त्याने नागपूरची बस गेली. खिडक्यांतून सगळे माझ्याकडे पाहत होते. पाहू दे म्हटलं.